लाकडाला हलायला जागा ठेवा
लाकूड कापलं, रंधा मारला, पॉलिश केलं तरी ते हवेतला ओलावा घेत-सोडत राहतंच, आणि हे विसरून फर्निचर बनवलं की चिरा पडतात. ओली फळी पूर्ण सुकली तरी लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, रुंदीत मात्र ५ ते १० टक्केसुद्धा, कारण पेशी उभ्या नळ्यांसारख्या असतात आणि ओलावा त्यांच्या भिंतींत शिरून त्या जाड करतो. म्हणून पॅनलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवतात, गोंद अजिबात नाही! हे डोकं मला फार भारी वाटतं. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवतात, मग एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही. आणि सॉलिड लाकडाचा टेबलटॉप स्क्रूने बसवताना प्लीज खालच्या चौकटीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.