मसाल्याची पुडी भांड्यातच विरघळायला हवी

नूडल्सच्या पाकिटातली मसाल्याची चकचकीत पुडी मला फार सलते. पॉलिस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिनचे थर एकमेकांना चिकटवून ती तयार होते. ते थर सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवालाही तिला हात लावत नाही. आतला मसाला लगेच पोटात जातो आणि पुडी जाते नाल्यात, नाहीतर गाईच्या पोटात.

ही पुडी तांदळाच्या स्टार्चची करावी आणि मसाल्यासकट उकळत्या पाण्यात टाकावी, या एकाच गोष्टीमागे मी सध्या लागले आहे. माझं शिक्षण फूड टेक्नॉलॉजीचं आणि माहेर भंडाऱ्याचं. धान भरडताना आमच्याकडच्या राइस मिलमध्ये कणी निघते. मोठी कणी लोक शिजवून खातात, ती मी घेत नाही. कोंबड्यांच्या खाद्याला जाणारा अगदी बारीक चुरा मात्र मला पुरतो.

कुरडया घालणाऱ्या घरांत गव्हाचा चीक सगळ्यांनी पाहिलेला असतो. गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण रात्रीतून पातेल्याच्या तळाशी बसतात, वरचं पाणी ओतलं की झालं. तांदळाचं तसं नाही. त्याचे कण फारच बारीक, ३ ते ८ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), शिवाय प्रथिनं त्यांना घट्ट धरून बसलेली असतात. म्हणून सौम्य अल्कलीत भिजवून, पुन्हा पुन्हा धुऊन स्टार्च वेगळा करावा लागतो. वेळखाऊ काम आहे, पण मिळतो तो स्टार्च पांढराशुभ्र आणि बेचव, आणि खायच्या पुडीला तेच हवं.

पुढचं सोपं. १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम स्टार्च घालून ९० अंशांच्या आसपास ढवळत शिजवायचा, खाण्यायोग्य ग्लिसरीन साधारण सव्वा ग्रॅम घालायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे आणि ॲक्रिलिकच्या पाटीवर पातळ ओतून मंद उबेत वाळवायचं. सकाळी पारदर्शक पापुद्रा अलगद सुटून येतो. मोकळा भात होतो त्या जातीचा तांदूळ यासाठी चांगला. त्यात अमायलोज हा स्टार्चमधला एक घटक जास्त असतो आणि त्याच्या रेणूंच्या सरळ साखळ्यांमुळे फिल्मला, म्हणजे या पापुद्र्याला, ताकद येते. चिकट तांदळाची फिल्म हातात धरेपर्यंत फाटते.

ग्लिसरीन कमी पडलं तर फिल्म काचेसारखी तडकते. जास्त झालं तर हवेतलं पाणी ओढून घेते. विदर्भातल्या मे महिन्यात कडक वाटणारा तुकडा जुलैत लिबलिबीत होतो. त्यातच ठेवून ठेवून साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि फिल्म ठिसूळ होत जाते. फ्रिजमधला शिळा भात टणक होतो तो याच कारणाने.

म्हणूनच दुधाची पिशवी स्टार्चची होईल, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. ओल्या पदार्थाला स्टार्च टिकणार नाही. पण कोरड्या हवेत ही फिल्म ऑक्सिजन चांगला अडवते, तेल-तूप झिरपू देत नाही. आंध्रातल्या आत्रेयपुरमच्या पूतरेकुलू या मिठाईत हे हजारो लोक खाऊन पाहतात: तापलेल्या उपड्या मडक्यावर तांदळाच्या पातळ पिठात भिजवलेलं फडकं फिरवून काढलेला कागदासारखा पापुद्रा, आणि त्यात गुंडाळलेलं तूप नि साखर. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारखान्याशिवाय, बायकांच्या हातांनी घडणारी ही फिल्म बघून मला फार धीर येतो.

मसाल्याच्या पुडीत पाण्याने विरघळणं हाच तर गुण आहे. कडांना पाण्याचं बोट लावून दाबलं की ती चिकटते, सीलिंग मशीनही लागत नाही. बाहेरून मात्र स्वच्छतेसाठी आणि दमटपणापासून वाचवायला एक आवरण लागेलच. दहा-वीस पुड्यांना मिळून एक घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा चालेल. वाण्याकडून सुटी पुडी चिमट्याने उचलून द्यायची पद्धत पुन्हा रुळवता येईल का, हे आता मला आमच्या गावच्या दुकानदारांशी बोलून बघायचं आहे.