रादोवानची ॲडिशन

सकाळी साडेदहाला मी अडकले. कागदावर रादोवानचं वाक्य संपलं होतं आणि पडद्यावर तो माणूस अजून बोलतच होता.

एका छोट्या फिल्म क्लबसाठी 'रादोवान तिसरा' या सर्बियन नाटकाच्या चित्रणाला मराठी सबटायटल द्यायचे होते. दुशान कोवाचेविच यांचं हे नाटक १९७३ साली बेलग्रेडच्या 'आतेल्ये २१२' या नाट्यगृहात आलं, तेव्हा लेखक पंचविशीतला होता. डोंगराकडच्या गावातून शहरातल्या उंच इमारतीत राहायला आलेला रादोवान घरात सगळ्यांवर खेकसत असतो. त्याची एक मुलगी गरोदर आहे, पण बापाची परवानगी नाही म्हणून वर्षानुवर्षं बाळंतच होत नाही. शेजारच्या विलोतिच घराण्याशी याचं हाडवैर, आणि टीव्ही मालिकेतल्या जॉर्ज नावाच्या नायकावर मात्र जीव.

रादोवानच्या भूमिकेत नट झोरान रादमिलोविच. माझ्याकडे संहितेचं इंग्रजी भाषांतर होतं आणि १९८३ सालचं, भरल्या थिएटरातलं चित्रण. मला सर्बियन येत नाही. अशा वेळी आम्ही नावं, विशेषनामं, प्रश्नाचा सूर, वाक्याची लांबी यांच्या खुणा धरून संहिता आवाजाला जुळवत जातो. आदल्या रात्री मी अशी बावीस मिनिटं जुळवून टाकली होती आणि समाधानाने झोपले होते.

सकाळी पुन्हा पाहिलं तर माझ्या ओळी संपल्यावरही प्रेक्षक हसत होते. सोबतचे नट हसू दाबायला मान फिरवत होते. संहितेत हसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

क्लबने मदतीला जोडून दिलेल्या बेलग्रेडच्या बाईंना मी फोन लावला. वयाने माझ्या आईएवढ्या, इंग्रजी सावकाश पण पक्कं. मी प्रसंग ऐकवला. त्या आधी पोटभर हसल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही जे शोधताय ते पुस्तकात कुठून असणार? ते त्या रात्रीचं आहे." त्यांनी हे नाटक तरुणपणी तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते वेगळं होतं.

म्हणजे ॲडिशन! आपल्या रंगभूमीवर याला हाच शब्द आहे. पण आपल्याकडे ॲडिशन म्हटलं की मधेच टाकलेला एखादा विनोद, एखादा ताजा टोमणा. इथे माणूस पानंच्या पानं रचत होता आणि तरी नाटकाच्या बाहेर पडत नव्हता. माझी कालची बावीस मिनिटं पुसावी लागली.

मग सहा तास आम्ही दोघी बसलो. मी तुकडा लावायचा, बाईंनी ऐकून सांगायचं, मी मराठी करायचं. मधे थांबलो की त्या रादमिलोविचबद्दल बोलायच्या. १९३३ साली सर्बियातल्या झायेचारला जन्म, कायद्याच्या शिक्षणाला नाव घातलं आणि वळले नाटकाकडे. १९६४ साली 'आतेल्ये'मध्ये फ्रेंच नाटककार जारीच्या नाटकातल्या राजा इबीची भूमिका, १९६८ पासून त्याच नाट्यगृहात कायमचे. १९८२ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटात पुरलेल्या शवपेट्या उकरून पुन्हा बाजारात आणणाऱ्या टोळीचा म्होरक्या बिली पिटॉन. त्या चित्रपटाचे संवाद लोक आजही रोजच्या बोलण्यात वापरतात, असं बाई सांगत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यातही दोन येऊन गेलेच असावेत, कारण मधेच त्या एकट्याच हसल्या.

सगळ्यात जास्त वेळ एका चिमुकल्या शब्दाने खाल्ला. 'ब्रे'. सर्बियन बोलण्यात पावलोपावली येतो, अर्थ काहीच नाही, पण वजन सगळं त्याचं. मी 'अरे' लिहिलं, फिकं पडलं. 'लेका' लिहिलं, ते लाडात गेलं. शेवटी माझ्या नागपूरच्या मावशीचा 'बे' आठवला. 'काय बे', 'जाय ना बे'. ओठांची हालचालसुद्धा जवळपास तीच! बाईंना वाचून दाखवलं. अर्थ त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता, तरी म्हणाल्या, "हो, हे बरोबर वाटतंय." सगळं नाटक वऱ्हाडीत नेण्याचा मोह मात्र मी आवरला. रादोवानचा डोंगर त्याचाच राहायला हवा.

दुपारी उशिरा एक जागा आली. कागदावर मुलीला उद्देशून लांबलचक वाक्य आहे. पडद्यावर रादमिलोविच त्यातलं अर्धंच बोलतो आणि गप्प होतो. माझ्या स्क्रीनवर आवाजाची रेष दिसते, त्यात हशाचा डोंगर चढतो आणि उतरायला लागतो. तो पार उतरण्याच्या आत, एक भुवई. डोंगर पुन्हा वर. मी ती जागा फ्रेमफ्रेमने पाहिली, सेकंदाला पंचवीस. हशा नेमका किती ओसरू द्यायचा हे त्या माणसाला कानाने कळत होतं. नऊ सेकंद तो एक शब्द बोलत नाही.

उरलेलं अर्धं वाक्य माझ्याकडे तयार होतं, चांगलं जमलेलं. ते तिथे टाकलं असतं तर सगळ्या सभागृहाचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून खाली माझ्या ओळीवर आले असते. मी ते काढलं.

फोन ठेवण्यापूर्वी बाई म्हणाल्या, रादोवानचे २९९ प्रयोग झाले. २१ जुलै १९८५ ला रादमिलोविच गेला, बावन्न वर्षांचा. तीनशेवा झालाच नाही. 'आतेल्ये'समोर आता त्याचा पुतळा आहे. झायेचारच्या नाट्यगृहाला त्याचं नाव आहे आणि तिथल्या महोत्सवातलं बक्षीस 'झोरानच्या मिशी'च्या नावाने देतात. मी २९९ वर अडून राहिले. बाकी २९८ रात्री तो काय बोलला?

तिसऱ्या दिवशी क्लबच्या तपासनिसाची शेऱ्यांची यादी आली. दोन ऱ्हस्व-दीर्घ, एक टाइमकोड, आणि खाली, "इथे नऊ सेकंद रिकामे आहेत. ओळ सुटली का?"

मी लिहिलं, "सुटलेली नाही. तिथे त्यांच्याकडे बघायचं आहे."