सरळ विचारा, आणि विचारल्यावर सोबत राहा

महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली की पुढचे काही दिवस वर्गात, स्टाफरूममध्ये आणि वसतिगृहात एकच वाक्य ऐकू येते: "त्याच्याकडे बघून असं कधी वाटलंच नाही." हे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. मात्र सगळ्यांशी शांतपणे बोलले, तर प्रत्येकाजवळ काही ना काही निघते. रूममेटने त्याला रात्र रात्र जागे पाहिलेले असते, प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना त्याचे जर्नल महिनाभर कोरे दिसलेले असते आणि घरच्यांना त्याचा फोनवरचा आवाज बदललेला जाणवलेला असतो. शाळेत वर्गशिक्षक मुलाला रोज पाहतात, त्यामुळे निदान एका माणसाच्या डोळ्यांसमोर त्याचा अख्खा दिवस असतो. महाविद्यालयात आम्ही शिक्षक विद्यार्थ्याला तासापुरते पाहतो, आणि त्याचा पूर्ण दिवस कोणालाच दिसत नाही. मी शिकवते, म्हणून ही त्रुटी मला फार गंभीर वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने मृत्युमुखी पडतात, आणि १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये आत्महत्येचा क्रमांक तिसरा आहे. पदवीचे शिक्षण घेणारे जवळजवळ सर्वच विद्यार्थी याच वयोगटात येतात. घरापासून दूर राहणे, पहिल्यांदाच नापास होणे, प्रेमसंबंध तुटणे, छळ किंवा भेदभाव सोसणे, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे दडपण हे सगळे याच काळात वाट्याला येते. अनेक मानसिक आजारही याच वयात प्रथम डोके वर काढतात. कोणत्याही आत्महत्येमागे एकच एक कारण नसते, त्यामुळे "एका पेपरासाठी जीव दिला" असे विधान मला नेहमीच अपुरे वाटते.

धोक्याची लक्षणे ओळखताना त्या विद्यार्थ्याची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्या एरवीच्या वागण्याशी करावी. मुळात अबोल असलेला मुलगा गप्प बसला तर त्यात विशेष काही नसते, पण कट्ट्यावर सर्वांना हसवणारी मुलगी दोन आठवडे खोलीबाहेर पडली नाही, तर लक्ष द्यायलाच हवे. झोप आणि भूक बिघडणे, स्वच्छतेकडे दुर्लक्ष, व्यसन वाढणे, क्षुल्लक कारणावरून भडकणे, "मी नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही" अशी वाक्ये बोलण्यात किंवा स्टेटसवर येणे, हे सारे गांभीर्याने घ्यावे. यापूर्वी प्रयत्न झालेला असेल, तर धोका पुष्कळ वाढतो. काही खुणा मात्र सहज निसटतात. एखादा मुलगा परीक्षा तोंडावर असताना आपल्या नीट लिहिलेल्या वह्या आणि कॅल्क्युलेटर मित्राच्या टेबलावर ठेवतो, "तुला लागेल, राहू दे तुझ्याकडेच" एवढेच म्हणतो, आणि मित्राला तो त्याचा चांगुलपणा वाटतो. दीर्घकाळ खचलेला विद्यार्थी एकाएकी शांत, निश्चिंत दिसू लागला, तर तो सावरला असे लगेच गृहीत धरू नये. कधी कधी मनाशी निर्णय पक्का झाल्यानंतरही अशी शांतता येते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या सिद्धांतात दोन भावनांना मध्यवर्ती स्थान आहे: आपण कोणाचेच नाही, आणि आपण इतरांवर ओझे आहोत. दुसरी भावना विद्यार्थ्यांच्या बाबतीत फार बोलकी आहे, कारण त्यांच्या शिक्षणाचा खर्च दुसरे कोणीतरी करत असते. अशा विद्यार्थ्याला आपण सद्भावनेने जे पहिले वाक्य ऐकवतो, ते बहुधा "आईवडिलांचा तरी विचार कर" हे असते. तो तर रात्रंदिवस त्यांचाच विचार करत असतो, आणि आपल्या जाण्याने त्यांची सुटका होईल अशी त्याची समजूत झालेली असते. आपल्या वाक्याने त्याच्या मनावर अपराधाचा आणखी एक थर चढतो.

म्हणूनच सल्ला देण्याआधी प्रश्न विचारावा आणि तो सरळ विचारावा. विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती अनेक शिक्षकांना आणि पालकांना वाटते. उपलब्ध अभ्यासांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की आत्महत्येबद्दल विचारल्याने असे विचार वाढल्याचे आढळत नाही. "मनात काही वेडंवाकडं तर नाही ना?" या प्रश्नात "नाही" हे उत्तर आधीच मागितलेले असते आणि विद्यार्थी ते मुकाट्याने देऊन टाकतो. त्याऐवजी दार लोटून, फोन बाजूला ठेवून म्हणावे, "गेले काही दिवस तू वर्गात असूनही नसल्यासारखा असतोस. इतका त्रास होत असताना कधी कधी जीव द्यावासा वाटतो. तुला तसं वाटतंय का?" आणि मग गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागतो. ती शांतता आपल्याला असह्य होते म्हणून आपणच बोलू लागलो, तर उत्तर ओठांवर येऊन परत जाते.

उत्तर "हो" आले तर घाबरून जाऊ नये आणि वादही घालू नये. कसे आणि केव्हा याचा काही विचार केला आहे का, साधन हाताशी आहे का, हे विचारावे, कारण त्यावरून धोका किती जवळ आहे हे कळते. योजना ठरलेली असेल, तर त्या विद्यार्थ्याला क्षणभरही एकटे न सोडता, इजा करू शकतील अशा वस्तू त्याच्यापासून दूर करून तातडीची वैद्यकीय मदत मिळवावी. "कोणाला सांगू नका" या विनंतीला होकार देऊ नये. "कोणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, पण हे मी माझ्यापुरतं ठेवणार नाही" असे प्रामाणिकपणे सांगावे. समुपदेशकाचा नुसता नंबर देणे फारसे उपयोगी पडत नाही, कारण खचलेल्या माणसाला तेवढा फोन करणेही डोंगराएवढे वाटते. त्याच्यासमोर फोन लावावा, वेळ घ्यावी, दारापर्यंत सोबत जावे. भारतात टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि काळजीत पडलेल्या मित्रानेही तिथे फोन करण्यास हरकत नाही.

तज्ज्ञ अशा विद्यार्थ्यासोबत बसून लेखी सुरक्षा-योजना तयार करतात. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत लिहितो की संकट जवळ येताना आपल्याला काय जाणवते, तेव्हा एकट्याने काय करता येईल, कोणाकडे आणि कोठे जाता येईल, मदत कोणाकडे मागता येईल आणि आपली खोली सुरक्षित कशी ठेवता येईल. आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा ओसरते. तो मधला काळ निभावून नेण्यासाठी हा कागद हाताशी असतो.

रुग्णालयातून परत आल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात, आणि नेमके तेव्हाच आपण "आता बरा आहे" म्हणून निर्धास्त होतो. परतलेल्या विद्यार्थ्यापुढे राहिलेली सबमिशन, बुडालेल्या परीक्षा आणि हजेरीची नोटीस एकदम येऊन पडते. मुदतवाढीसाठी त्याला प्रत्येक शिक्षकासमोर आपली कहाणी पुन्हा सांगावी लागू नये, एवढी व्यवस्था विभागप्रमुखांनी केली तरी फार मोठे काम होते. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढील उपचार न स्वीकारलेल्या रुग्णांना केवळ विचारपूस करणारी, कसलीही अपेक्षा नसलेली छोटी पत्रे नियमित पाठवली, आणि पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण कमी आढळले. "आठवण आली म्हणून लिहिलं, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल" असा मेसेज पाठवायला शिक्षकाला अर्धे मिनिटही लागत नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त भार रूममेट आणि जवळच्या मैत्रिणी वाहतात, आणि त्यांच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. रात्रभर मित्राजवळ जागणारा एकोणीस वर्षांचा मुलगा सकाळी व्हायवाला उभा राहतो. त्याच्या जागी रात्री थांबायला दुसरे कोण येणार, हे वॉर्डन आणि शिक्षकांनी त्याच दिवशी ठरवले पाहिजे, आणि त्यालाही समुपदेशकाकडे वेळ मिळाली पाहिजे.