तंजावर अर्ध्या दिवसात उरकू नका

तामिळनाडूच्या बहुतेक सहलींत मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी ठरलेलं असतं आणि तंजावर वाटेत उरकलं जातं. बृहदीश्वराचं दर्शन, चार फोटो, की गाडी पुढे. मराठी माणसानं तरी असं करू नये. आम्ही जानेवारीत तंजावरलाच मुक्काम टाकला आणि तिथून कावेरीच्या मागोमाग समुद्रापर्यंत गेलो. या राज्याचा इतिहास याच पाण्यावर पोसला आहे, हे मला तिथं पटलं.

जानेवारी मुद्दाम निवडला. आपल्याकडचा पाऊस सरतो तेव्हा या किनाऱ्यावर खरा पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यात चक्रीवादळंही येतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखाची असते. फक्त पोंगलच्या आठवड्यात सगळं राज्य गावी निघतं, तेव्हा रेल्वेची तिकिटं फार आधी काढा. विमानानं यायचं तर तिरुचीला उतरा. तिथून तंजावर साठेक किलोमीटर.

तिरुचीजवळचा कल्लणै बंधारा आधी बघा. करिकाल या प्राचीन चोळ राजाच्या नावानं ओळखला जाणारा हा बंधारा कावेरीचं पाणी कोळ्ळिडम या तिच्याच फाट्याच्या पात्रात निसटू देत नाही, ते शेतांकडे वळवतो. पुढचा सगळा प्रदेश सपाट, गाळाचा, नजर जाईल तिथवर भात. कावेरीवरच्या मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडायची प्रथा आहे, आणि ते वेळेवर सुटलं की नाही यावर इथल्या शेतकऱ्याचं वर्ष ठरतं.

या गाळाच्या मुलखात दगड नाही. म्हणजे १०१० साली राजराज चोळानं पुरं केलेलं बृहदीश्वराचं मंदिर, सुमारे ६६ मीटर उंचीच्या विमानासकट (म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरासकट), लांबून आणलेल्या ग्रॅनाइटचं आहे. हे लक्षात ठेवून वर बघा. सकाळी उघडल्या उघडल्या जा, कारण नंतर फरशी अनवाणी पायांना चटके देते. दुपारी साडेबारा ते चार बहुतेक मंदिरं बंद असतात. तो वेळ जेवणाला आणि राजवाड्याला ठेवा.

आवारात नैर्ऋत्येला, गणपतीच्या देवळाच्या बाजूला, भिंतीवर इथं राज्य केलेल्या भोसल्यांच्या वंशाचा इतिहास कोरलेला आहे. त्याच वंशातल्या सरफोजीराजांनी १८०३ साली तो मराठीत कोरून घेतला. ओळीमागून ओळी, शब्दांत फट न ठेवता. सुरुवातीला नजर अडखळते, मग ओळखीचं नाव सापडतं, त्याच्या पुढचं मागचं लागायला लागतं आणि पाय तिथून हलत नाहीत. आजूबाजूला गर्दी असते, पण या भिंतीपाशी फारसं कुणी थांबत नाही. मार्गदर्शक घेतलात तर ती दाखवायला आवर्जून सांगा.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून १८५५ पर्यंत इथं भोसल्यांचं राज्य होतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीत नाटकं लिहिली, मराठी रंगभूमीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या प्रयोगाच्या कितीतरी आधी. सरफोजींच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकाचा विषय तर जगाचा भूगोल आहे! राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. पर्यटकाला फक्त संग्रहालयाचा भाग बघता येतो. अभ्यासासाठी पोथ्या हव्या असतील तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या.

कुंभकोणम रेल्वेनं सहज जमतं. गावात देवळांची दाटी आहे, वेळ कमी असेल तर सरळ जवळच्या दारासुरमला जा. तिथलं ऐरावतेश्वर मंदिर आकारानं लहान, पण कोरीवकामात मला बृहदीश्वरापेक्षाही सरस वाटलं. डबरा-टंबलरमधली फिल्टर कॉफी इथेच प्या, साखर कमी सांगून. हिंदी फारशी चालत नाही. बसच्या पाट्याही बहुधा तमिळमध्येच असतात, म्हणून गावाचं नाव तमिळमध्ये लिहून घेतलेला कागद जवळ ठेवा. वाहकाला तो दाखवला की काम होतं.

किनाऱ्याला तरंगमबाडी गाठा. तंजावरचा भोसल्यांआधीचा राजा रघुनाथ नायक याच्याशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये इथं डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकलं. किल्ल्याशेजारच्या मासिलामणिनाथ मंदिराचा बराच भाग समुद्रानं गिळला आहे. २००४ च्या त्सुनामीनं तामिळनाडूत याच किनारपट्टीला सर्वांत मोठा तडाखा दिला होता. तिथल्या लोकांशी बोलताना तो विषय आपण होऊन काढू नये, असं मला वाटतं. समुद्रात उतरू नका, ओढ जबर आहे.

परतताना चेन्नईकडे जाणार असाल तर वाट वाकडी करून जिंजी बघाच. महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला हा किल्ला पुढं राजाराम महाराजांच्या काळात स्वराज्याची राजधानी झाला. किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीची चढण उभी आहे आणि उन्हात दगड तापतो, तेव्हा सकाळीच चढायला लागा. पाणी खालूनच न्या आणि माकडं फार असल्यानं खाऊची पिशवी हातात धरू नका.