नवरंग, चातक आणि वाळूवर बसलेला बूबी

पक्षीनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे हिवाळा, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मार्च सरला की बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. खाडीवरचे पाहुणे उत्तरेकडे परतलेले असतात आणि कोकणातल्या उकाड्यात बाहेर पडावेसेही वाटत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राहून अनेक वर्षे नोंदी ठेवल्यानंतर माझे मत मात्र उलट झाले आहे. मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा आणि मृगाचे पहिले काही दिवस, एवढ्या अवधीत इथे जे पाहायला मिळते ते उरलेल्या वर्षात मिळत नाही. यंदाच्या उन्हाळ्यानेही तेच दाखवले.

सुरुवात नवरंगाने झाली. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत घालवून हा पक्षी विणीसाठी उत्तरेकडे निघतो, आणि त्याचा हा प्रवास रात्री होतो. त्यामुळे दिव्यांनी भांबावून इमारतींवर आदळलेले, थकलेले नवरंग याच दिवसांत सापडतात. मे अखेरच्या एका पहाटे आमच्या मागच्या पडवीत असाच एक निपचित बसलेला आढळला. हिरवी पाठ, खांद्यावर चमकदार निळा पट्टा, डोळ्यावरून गेलेली रुंद काळी पट्टी, पांढरा गळा आणि शेपटीखाली लालभडक रंग. मुठीएवढ्या त्या देहातले ऊन ऊन धडधडणे माझ्या बोटांना जाणवत होते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्याला अंधारात, शांत जागी ठेवले. पाणी चोचीत ओतण्याचा मोह अशा वेळी टाळावा, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तासाभराने आतून खुडबूड ऐकू आली, तेव्हा खोके परसातल्या फणसाखाली नेऊन उघडले. तो उडाला नाही. टुणटुण उड्या मारत पाचोळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. तमिळमध्ये या पक्ष्याला ‘सहा वाजताचे पाखरू’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण त्याची दोन सुरांची शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला हमखास ऐकू येते. त्याच संध्याकाळी वहाळापलीकडून ती शीळ आली. ती आमच्याच पक्ष्याची होती असे मी म्हणणार नाही; वहीत दोन वेगळ्या नोंदी आहेत.

त्यानंतर आठवड्याभरातच चातक आला. काळी पाठ, पांढरे पोट आणि डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी दक्षिण भारतात काही ठिकाणी बारमाही असतो, पण आपल्याकडे येणारे बरेचसे चातक नैर्ऋत्य वाऱ्यांच्या साथीने आफ्रिकेतून समुद्र ओलांडतात. आपली निळी अंडी तो सातभाईंच्या निळ्या अंड्यांत घालतो, म्हणून सातभाईंचा गलका अचानक वाढला की मी हातातले काम टाकून बाहेर जातो. यंदा तो पहिल्या पावसाच्या दोन दिवस आधी दिसला.

तिबोटी खंड्या या चिमुकल्या पक्ष्याबद्दल मी थोडेच लिहिणार आहे. तो आला आहे, एवढे पुरे. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, मातीच्या दरडीत बीळ खोदून तो पावसाळ्यात पिले वाढवतो, आणि गेल्या काही वर्षांत अशा दरडींसमोर छायाचित्रकारांची दाटी होऊ लागली आहे. मागे एका जागेचा ठावठिकाणा मीच उत्साहाने सांगितला होता. पुढच्या रविवारी तिथे अकरा माणसे होती, आणि चोचीत पाल धरलेली जोडी समोरच्या फांदीवरून बिळाकडे यायला धजत नव्हती. ते दृश्य मला अजून छळते. दुर्मीळ पक्ष्याची तारीख जरूर कळवावी, घरट्याची जागा कळवू नये.

सर्वांत अनपेक्षित पाहुणा दर्यावरून आला. दोन दिवस सोसाट्याचा वारा होता आणि होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या होत्या. त्यांच्या आडोशाला मास्क्ड बूबी बसला होता. पांढरे अंग, काळे पंखटोक, चोचीच्या मुळाशी काळा मुखवटा. दीड मीटरच्या आसपास पंखविस्तार असलेला हा पक्षी भर समुद्रात उंचावरून सूर मारून मासे पकडतो आणि जमिनीवर येतो तो प्रामुख्याने विणीच्या बेटांवर. वादळवाऱ्यात असे पक्षी किनाऱ्याला लागतात. जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते, या चक्रीवादळांनंतर आपल्याकडे दर्यापक्ष्यांच्या नोंदी झाल्या होत्या. जमलेल्या मुलांना त्याला पुन्हा पाण्यात सोडायचे होते. त्यांची माया खरी होती, पण उपाशी, दमलेला पक्षी लाटांत टिकत नाही, हे त्यांना समजावले आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. माणसे येईपर्यंत दोन तास आम्ही कुत्र्यांना हुसकत बसलो. चोच विलक्षण धारदार असल्याने त्याला उचलताना अंगावर जाड टॉवेल टाकावा लागला.

तिथेच वाट पाहताना खाडीच्या मुखावर पावसाच्या सरीतून एक काळपट पाठीचा सुरय, म्हणजे टर्न हा समुद्रपक्षी, गेला. हा ब्रायडल्ड टर्न असेल, तर तो आपल्या वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर वीण करणारा, जवळचाच. सूटी टर्न असेल, तर लक्षद्वीपच्या पिट्टी बेटासारख्या वसाहतीतून किंवा त्याहूनही दुरून आलेला. फरक कपाळावरच्या पांढऱ्या रंगात असतो: ब्रायडल्डचा डोळ्यामागे भुवईसारखा लांबतो, सूटीचा डोळ्यापाशीच थांबतो. दुर्बिणीची काच पुसून मी वर पाहिले, तोवर तो पाठमोरा झाला होता. वहीत ‘ब्रायडल्ड किंवा सूटी, एक, वाऱ्याविरुद्ध दक्षिणेकडे’ एवढेच लिहिले आहे.