गाडी मधेच मिसिंग मारते तेव्हा
जुनी गाडी कधीतरीच मिसिंग मारते ना, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, तो प्रकार फार छळतो, कारण मेकॅनिकसमोर उभी केली की गुमान चालते. माझ्या गाडीचं तसंच, थंड असताना काही नाही, इंजिन तापलं आणि चढ लागला की गचके सुरू. गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०३०२, म्हणजे २ नंबरचा सिलेंडर मिसिंग मारतोय. लगेच नवीन पार्ट आणू नका! मी २ आणि ३ नंबरच्या कॉइलची (प्लगला स्पार्कसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल केली, कोड क्लिअर करून परत चढावर नेली तर आता पी०३०३, म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला. ती कॉइल उजेडात धरली तर प्लगवर बसणाऱ्या तिच्या रबरी बुटाच्या आत केसाएवढी काळी रेघ, तिथूनच स्पार्क बाहेर पळत होता. कोड २ नंबरवरच राहिला असता तर आधी प्लग बघितला असता, मग इंधन फवारणारा इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब.