उतरवून ठेवलेली सजावट

सजावट म्हटली की हात आपोआप काहीतरी मांडायला, टांगायला, चिकटवायला पुढे होतो. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, त्याआधीच्या सुमारे चाळीस दिवसांच्या उपवासकाळासाठी चर्च सजवायचे असेल तर मात्र कामाची सुरुवात फुलदाण्या उचलून आत ठेवण्यापासून होते. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो आणि तेव्हापासून पुढे वेदीपाशी फुले ठेवायची नाहीत, वाद्ये वाजवायची ती केवळ गाण्याला आधार म्हणून आणि ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा शब्द तर ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणापर्यंत ओठांवर आणायचाही नाही, असा रोमन कॅथलिक उपासनेचा शिरस्ता आहे. त्या बुधवारी कपाळाला लावतात ती राखसुद्धा मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते, म्हणजे एका सणाची शोभा जाळून दुसऱ्या काळाची खूण तयार होते.

अर्थात माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. फुले गेली की त्यांच्या जागी ताटलीभर वाळू येते, चार खडबडीत दगड येतात आणि येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची आठवण म्हणून एखादी निष्पर्ण, काटेरी फांदी येते. ती फांदी सहज पडल्यासारखी दिसावी म्हणून आम्ही तासभर खटपट केलेली मला आठवते. कोणी तिला डावीकडे कलती करावी, कोणी सरळ करावी आणि शेवटी दाराशी उभे राहून सगळ्यांनी डोळे बारीक करून पाहावे! वैराग्यालाही मांडणी लागते, हे तेव्हा लक्षात आले.

या काळाचा रंग जांभळा. प्राचीन भूमध्य प्रदेशात समुद्री गोगलगायींपासून मिळणारा हा रंग अतिशय महाग असे आणि म्हणून तो राजवस्त्रांचा रंग झाला. शिपायांनी येशूची थट्टा करताना त्याच्या अंगावर चढवले ते वस्त्रही मार्कच्या शुभवर्तमानात जांभळेच आहे. पश्चात्तापाचा आणि राजेपणाचा रंग एकच असावा, ही गोष्ट मला दर वर्षी नव्याने चकित करते. मध्येच चौथ्या रविवारी धर्मगुरूंना जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा असते आणि त्या एका दिवसापुरती फुलेही परत येतात. वाट अर्ध्याहून अधिक सरल्याचा तो दिलासा.

पाचव्या रविवारपासून बऱ्याच ठिकाणी क्रूस आणि मूर्ती कापडाने झाकतात. एका वर्षी मोठ्या क्रूसाचे काम माझ्याकडे आले होते. शिडीवर चढल्यावर कळले की कापड एका बाजूला वीतभर अपुरे आहे, तेव्हा टाचण्या दातांत धरून मी ते ओढूनताणून बसवले. खाली उतरून पाहिले तर चेहरा, जखमा, काट्यांचा मुकुट असे सगळे नाहीसे झाले होते आणि उरले होते ते फक्त पसरलेले दोन हात. ते इतके लांब आहेत, हे एरवी माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

झाकण्याची ही रीत एके काळी फार मोठ्या मापाने चालत असे. जर्मनीतील झिटाऊ या गावी 1472 सालचा एक उपवासपडदा आजही पाहायला मिळतो. तो 8.20 मीटर उंच आणि 6.80 मीटर रुंद असून त्यावर बायबलमधील 90 प्रसंग रंगवलेले आहेत. वेदी दिसू नये म्हणून टांगलेल्या कापडावर इतकी चित्रे काढायची, म्हणजे डोळ्यांचा उपवास पुरता पाळलाच गेला नाही म्हणायचा. पुढे 1945 मध्ये सोव्हिएत सैनिकांनी हा पडदा फाडून त्याचे तुकडे जंगलातल्या आपल्या तात्पुरत्या वाफेच्या स्नानगृहाला लावले. त्या वाफेने पुसट झालेली चित्रे नंतर स्वित्झर्लंडमध्ये जपणूक करून पुन्हा एकत्र जोडण्यात आली.

सर्वांत शेवटी ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार येतो. संध्याकाळचा मिस्सा (वेदीपाशी होणारी मुख्य उपासना) संपल्यावर वेदीवरचे कापड, मेणबत्त्या, सगळे गुपचूप उचलले जाते, आणि वर्षभर पांढऱ्या चादरीखाली असलेले वेदीचे लाकूड उघडे पडते. मागच्या खेपेस मी जवळ जाऊन पाहिले. उजव्या कोपऱ्यात मेणाचा एक जुना ठिपका होता, आणि त्याच्या शेजारी सुरीने खरवडायचा प्रयत्न करून कोणीतरी अर्ध्यात सोडून दिल्याची खूण होती.